बातमी कोणत्या पानावर? किती दिवसांनी?

परमपूज्य बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. नवे पत्र निघते आहे हे लोकांना कळावे म्हणून त्याची जाहिरात ‘केसरी’कडे पाठवण्यात आली. ती फुकट छापा अशी विनंती नव्हती, जाहिरातीचे रीतसर पैसे देण्याची तयारी होती. तरीही ‘केसरी’ने ती छापली नाही. ही हकीगत बाबासाहेबांनी पुढे ‘बहिष्कृत भारत’मध्ये स्वतःच नोंदवून ठेवली आहे. त्यावेळी लोकमान्य टिळक हयात होते. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा आणि बाबासाहेबांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. म्हणजे दोघेही आमच्याच जिल्ह्याचे!

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, उभा जन्म जमाखर्चाच्या वह्यांत गेला. त्यामुळे ही हकीगत आम्ही थोडी निराळ्या नजरेने वाचतो. जाहिरात हे वर्तमानपत्राचे उत्पन्न. दारात चालून आलेले पैसे व्यापारी माणूस परत पाठवत नाही. पाठवतो तेव्हा पैशापेक्षा मोठे असे काहीतरी तो राखत असतो. ‘केसरी’ने काय राखले? अस्पृश्यांचेही एक पत्र आहे, त्यांनाही काही म्हणायचे आहे, एवढी माहितीसुद्धा आपल्या पानावरून वाचकांपर्यंत जाऊ नये, हे राखले. त्यात खोटे काही छापले गेले नाही, शिवीगाळ झाली नाही. फक्त छापले गेले नाही.

वाचक बंधुभगिनींनो, प्रस्थापित वृत्तपत्रांच्या पक्षपाताबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुधा खोट्या बातम्यांबद्दल बोलतो. आमचे म्हणणे असे की, खोटी बातमी हा या दुखण्याचा लहान भाग आहे. मोठा भाग म्हणजे बातमी कोणत्या पानावर आली, किती दिवसांनी आली आणि कोणत्या शब्दांत आली. खोटे उघडे पाडता येते. चौथ्या पानाच्या तळाशी तीन ओळींत पुरलेले खरे उघडे पाडणे फार अवघड.

खैरलांजीचा महिना

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात खैरलांजी हे गाव. २९ सप्टेंबर २००६ च्या संध्याकाळी तेथे भोतमांगे कुटुंबातील सुरेखाताई, मुलगी प्रियंका आणि मुलगे सुधीर व रोशन या चौघांना जमावाने ठार मारले. प्रेते कालव्यात टाकली. भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले. हे आज आपल्या घराघरांत माहीत आहे. पण ते कधी माहीत झाले, हे आठवून पाहा.

त्या वर्षी अशोक विजयादशमी २ ऑक्टोबरला होती. धम्मदीक्षेचे ते पन्नासावे वर्ष. दीक्षाभूमीवर लाखोंचा सागर लोटला होता. भंडारा जिल्हा नागपूरला लागूनच आहे. तीन दिवसांपूर्वी शेजारच्या जिल्ह्यात आपल्या एका कुटुंबाचा असा संहार झाला आहे, हे त्या लाखोंतल्या बहुतेकांच्या कानावरही नव्हते. ते वंदना करून, पुस्तके घेऊन, आपापल्या गावी परतले. आमच्या तालुक्यातूनही लोक गेले होते. कोकणात परत येऊन कित्येक दिवस लोटले तरी कोणी खैरलांजी हे नाव उच्चारले नव्हते.

बातमी आलीच नव्हती का? आली होती. स्थानिक पानांवर, आणि सुरुवातीला अनैतिक संबंधांतून घडलेले हत्याकांड अशा सुरात. एका कष्टाळू बाईने शिकवून मोठ्या केलेल्या मुलांसकट तिला मारले आणि वर तिच्या चारित्र्यावर शाई उडवली. पुढे आपल्या कार्यकर्त्यांनी सत्यशोधन समित्या नेल्या, अहवाल लिहिले, फोटो हातोहात फिरवले. इंग्रजी ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये या प्रकरणाचा सविस्तर वृत्तांत २९ ऑक्टोबरला आला. म्हणजे बरोबर एक महिन्याने.

हा महिना मोजण्याचे कारण आहे. पहिले शवविच्छेदन वरवरचे झाले, अत्याचाराची नीट तपासणी झाली नाही, म्हणून पुरलेली प्रेते उकरून दुसऱ्यांदा तपासावी लागली. तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. पहिल्याच दिवशी राज्यभराच्या पहिल्या पानावर ही बातमी असती, तर त्या डॉक्टरची, त्या फौजदाराची, त्या तलाठ्याची हयगय करायची हिंमत झाली असती का? पुढे सीबीआयने तपास केला, सप्टेंबर २००८ मध्ये भंडारा येथील न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, जुलै २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने आठही जणांची शिक्षा पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. पण अत्याचार प्रतिबंधक कायदा या खटल्यात टिकला नाही आणि बलात्काराचा आरोपही सिद्ध झाला नाही. सारा दोष वर्तमानपत्रांचा असे आम्ही म्हणत नाही, पोलिसांचा आणि सरकारी दवाखान्याचा वाटा मोठा आहे. परंतु पुरावा हा दुधासारखा असतो, त्याला वेळ लागला की तो नासतो. आणि वेळ लागू न देण्याचे काम ज्यांच्या हातात होते त्यांनी महिना घालवला. भैयालाल जानेवारी २०१७ मध्ये वारले, अखेरपर्यंत न्याय मागत.

एका सकाळीत पहिले पान

आता त्याच वर्षातली दुसरी बातमी घ्या. नोव्हेंबरात भंडारा, नागपूर, अमरावती येथे लोक रस्त्यावर आले. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी या आंदोलनामागे नक्षलवादी असावेत असे वक्तव्य केले, त्याला मात्र जागा मिळायला महिना लागला नाही. महिनाअखेर कानपूर येथे बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि ३० नोव्हेंबरला उल्हासनगरजवळ ‘डेक्कन क्वीन’चे डबे पेटवण्यात आले. प्रवाशांना आधी खाली उतरवले होते, त्यामुळे जीवितहानी झाली नाही. गाडी जाळणे हे चूकच. त्या गाडीतून आपलेही लोक नोकरीला जातात. पण जळत्या डब्यांचे रंगीत छायाचित्र दुसऱ्या दिवशी सकाळी राज्यभर पहिल्या पानावर होते आणि देवरूखच्या स्टँडवर हाताहातांत होते. चार माणसे मेली त्याला एक महिना, डबे जळले त्याला एक रात्र! हिशेबाच्या वहीत अशा दोन नोंदी समोरासमोर आल्या असत्या तर कोणत्याही लेखापरीक्षकाने लाल शाईने खूण केली असती.

त्याआधी ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात हेच झाले होते. पुतळ्याला चपलांचा हार घातलेला पाहून लोक जमले, राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला, दहा जण मेले. लगेच जमाव गॅसचे टँकर पेटवायला निघाला होता ही कहाणी पुढे आली. जळत्या टँकरची चित्रफीत दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. घरोघरी लोकांनी ती पाहिली आणि गोळीबार नाइलाजाने झाला असावा असे मनाशी ठरवून टाकले. गुंडेवार आयोगाने ती टँकरची कहाणी मान्य केली नाही, आणि गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या उपनिरीक्षकाला २००९ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली. पण जी चित्रफीत लाखो घरांनी पाहिली तिचा खुलासा लाखो घरांत पोचला का? खुलाशाचे पान नेहमी आतले असते.

कर्ता कुठे गेला?

घरातल्या मुलांना सातवी-आठवीत मराठीच्या तासाला कर्ता, कर्म, क्रियापद शिकवतात. वहिनी-ताई-मावशींना आमची सूचना आहे की, एखाद्या रविवारी मुलांना घेऊन बसा आणि शाळेतले हे व्याकरण वर्तमानपत्रावर चालवून पाहा. फार करमणूक होते आणि मुलांचा अभ्यासही होतो.

आपल्या माणसावर अन्याय होतो तेव्हाची वाक्ये पाहा. ‘वादातून तरुणाचा मृत्यू’, ‘दोन गटांत तणाव’, ‘किरकोळ कारणावरून हाणामारी’, ‘वस्तीवर दगडफेक’. कोणी मारले? कोणी दगड फेकले? कर्ता वाक्यातून उठून बाहेर गेलेला असतो. दगड जणू आपोआप उडाले. दुसऱ्या दिवशी आपण निषेधाचा मोर्चा काढतो तेव्हा मात्र कर्ता धावत परत येतो आणि वाक्याच्या अग्रभागी बसतो. ‘संतप्त आंबेडकरी जमावाने रास्ता रोखला’, ‘आंदोलकांनी प्रवाशांना वेठीस धरले’. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगाव परिसरात अभिवादनाला आलेल्यांवर हल्ले झाले आणि ३ तारखेला महाराष्ट्र बंद झाला. या तीन दिवसांची कात्रणे ज्यांच्याकडे असतील त्यांनी ती काढून नुसती क्रियापदे अधोरेखित करावीत.

‘दोन गट’ हा शब्द तर विशेष लबाड आहे. एका बाजूला गावातली तीनशे घरे आणि दुसऱ्या बाजूला वाडीतली अकरा, तरी ते ‘दोन गट’! तराजूची दोन्ही पारडी कागदावर सारखी करून टाकायची, म्हणजे कोणाला जड कोणाला हलके हे विचारायला नको. आणि वाचणाऱ्याला वाटते, बघा, पत्र किती निःपक्षपाती!

आमच्या तालुक्यातल्या एका वाडीची स्मशानाकडे जाणारी वाट काही वर्षांपूर्वी बांध घालून बंद करण्यात आली. गावाचे आणि वर्तमानपत्राचेही नाव येथे घेत नाही, कारण पुढे ते प्रकरण समजुतीने मिटले आणि माणसांना एकाच गावात नांदायचे आहे. आम्ही चौघे-पाच जण सहीशिक्क्याचे निवेदन, जुन्या नकाशाची प्रत आणि फोटो घेऊन वार्ताहराकडे गेलो. आठ दिवसांनी चार ओळी आल्या, ‘दोन वाड्यांत वाटेवरून वाद’. पुढे कचेरीवर मोर्चा नेला तर दुसऱ्याच दिवशी फोटोसह बातमी, मथळा होता बाजारपेठेत वाहतूक खोळंबल्याचा. प्रेत कोणत्या वाटेने न्यायचे हा प्रश्न त्या बातमीत शेवटच्या ओळीत होता. एस.टी. किती मिनिटे अडली हे पहिल्या ओळीत होते.

६ डिसेंबरची तऱ्हाही हीच. चैत्यभूमीवर लाखो लोक उन्हातान्हात रांग लावून येतात, पोटाला चिमटा काढून पुस्तके विकत घेतात. कित्येक वर्षे याची बातमी कशी येई? दादरची वाहतूक, गाड्यांतली गर्दी, विनातिकीट प्रवास, शिवाजी पार्कवरचा कचरा. अलीकडे पुस्तकांच्या विक्रीबद्दल, मोफत आरोग्य तपासणीबद्दल चांगले लिहून येते, हे मान्य केले पाहिजे. त्यासाठी आपल्या लोकांनी वर्षानुवर्षे पत्रे लिहिली, संपादकांना भेटून भांडण केले. बदल झाला तो आपोआप झाला नाही.

टेबलामागे कोण?

आता कोणी म्हणेल, हे सगळे मुद्दाम करतात काय? आम्हाला तसे वाटत नाही, आणि या बाबतीत आमच्याच कार्यकर्त्यांशी आमचे नेहमी मतभेद होतात. नामांतराचे उदाहरण घ्या. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. त्या काळात दैनिक ‘मराठवाडा’ने नामांतराच्या विरोधात भूमिका घेतली. त्याचे संपादक अनंत भालेराव हे काही गल्लीतले गुंड नव्हते. निजामाविरुद्ध लढलेले, तुरुंगात गेलेले, मान्यवर गृहस्थ होते. पण ज्या खिडकीतून ते पाहत होते त्या खिडकीतून जळणारी घरे दिसण्याआधी विद्यापीठाच्या नावाची अस्मिता दिसत होती. सज्जन माणसालाही खिडकी असतेच. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले, सोळा वर्षे.

तेव्हा प्रश्न असा की, बातमीच्या टेबलामागे किती निरनिराळ्या खिडक्यांतून पाहणारी माणसे बसली आहेत? १९९६ साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या अमेरिकन दैनिकाचे दिल्लीतील प्रतिनिधी केनेथ कूपर यांना एखाद्या दलित पत्रकाराशी बोलायचे होते. ते स्वतः कृष्णवर्णीय, म्हणून त्यांना हे सुचले. त्यांनी ज्येष्ठ पत्रकार बी. एन. उनियाल यांना विचारले. उनियाल यांना आपल्या तीस वर्षांच्या पत्रकारितेत एकही आठवेना. त्यांनी केंद्र सरकारच्या अधिस्वीकृत पत्रकारांची यादी काढली. त्यात ६८६ नावे होती. ४५४ जणांनी जातिवाचक उच्चवर्णीय आडनावे लावलेली होती. उरलेल्या २३२ पैकी कोणत्याही ४७ जणांना फोन केले, त्यातही एक दलित निघाला नाही. उनियाल यांनी हे १६ नोव्हेंबर १९९६ च्या ‘पायोनियर’मध्ये लिहिले.

दहा वर्षांनी, खैरलांजीच्याच साली, अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतील ३७ वृत्तसंस्थांत निर्णय घेणाऱ्या ३१५ जणांची पाहणी केली. ७१ टक्के उच्चवर्णीय हिंदू पुरुष. अनुसूचित जाती-जमातीचा एकही नाही. पुढे २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी पाहिलेल्या १२१ नेतृत्वाच्या जागांपैकी १०६ जागांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती-जमातीच्या खान्यात पुन्हा शून्य. तेवीस वर्षे वहीचा तो रकाना कोराच.

अमेरिकेतले एक उदाहरण आमच्या फार लक्षात राहिले आहे. १९६५ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिस शहराच्या वॉट्स भागात कृष्णवर्णीयांचा उद्रेक झाला. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ एवढे बलाढ्य दैनिक, पण आत जाऊन बातमी आणायला त्यांच्याकडे एकही कृष्णवर्णीय वार्ताहर नव्हता. तेव्हा जाहिरात विभागात निरोप्याचे काम करणारा रॉबर्ट रिचर्डसन हा चोवीस वर्षांचा तरुण तिकडे गेला आणि रस्त्यावरच्या टेलिफोनवरून वृत्तांत सांगू लागला. पुढच्या वर्षी त्या दैनिकाला या वृत्तांकनासाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले. दंगल होईपर्यंत त्या मुलाला लिहिता येते हे कोणी विचारले नव्हते! १९६८ मध्ये तेथील केर्नर आयोगाने वृत्तपत्रांना स्पष्ट सुनावले की तुम्ही गोऱ्यांच्या जगातून गोऱ्यांसाठी लिहिता. आणि डिसेंबर २०२० मध्ये ‘कॅन्सस सिटी स्टार’ या दैनिकाने आपल्याच जुन्या फायली उघडल्या, कृष्णवर्णीयांच्या बातम्या आपण कशा गाळल्या आणि विकृत केल्या हे स्वतःच्या पानांवर छापले आणि माफी मागितली.

आमची मराठी दैनिकांकडे मागणी आहे ती हीच. १९२७ चे महाड, १९७८ चा मराठवाडा, १९९७ चे रमाबाई नगर, २००६ चे खैरलांजी, या चार वेळच्या आपल्या फायली उघडा आणि काय छापले, कोणत्या पानावर, किती दिवसांनी, हे वाचकांपुढे मांडा. बँकेचे, पतपेढीचे, ग्रामपंचायतीचे लेखापरीक्षण होते. रोज दुसऱ्यांचा हिशेब मागणाऱ्यांनी आपलाही एकदा द्यावा. मोठ्या दैनिकांना सरकारी जाहिराती मिळतात, टपाल हशील सवलतीचे असते, अधिस्वीकृती पत्रकारांना एस.टी.चा प्रवास मोफत असतो. हे सगळे जनतेच्या पैशातून, आणि त्यात वाडीतल्या माणसाने भरलेला करही आहे. बाबासाहेबांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्याला रानडे जयंतीच्या भाषणात सांगितले होते की, भारतात पत्रकारिता पूर्वी एक पेशा होती, आता धंदा झाली आहे. धंदा तर धंदा, पण मग धंद्याला मापात खोट चालत नाही हा तरी नियम पाळा.

तालुक्याचा वार्ताहर आणि जिल्ह्याची पुरवणी

एक गोष्ट मात्र न्यायाने बोलली पाहिजे. राग काढायचा तर आपण तालुक्याच्या वार्ताहरावर काढतो, कारण तोच समोर दिसतो. त्याची स्थिती काय? मानधन पेट्रोललाही पुरत नाही. दिवाळी अंकाला, वर्धापनदिनाला जाहिराती गोळा करून आणायच्या, त्यावरच्या कमिशनवर घर चालवायचे. जाहिराती कोण देतो? ठेकेदार, पतसंस्था, पुढारी. त्यांनीच कोणाची वाट अडवली असेल तर त्या वार्ताहराने कोणत्या तोंडाने लिहावे? आणि लिहिले तर काय होते तेही आपल्या जिल्ह्याने पाहिले. रिफायनरीच्या प्रश्नावर लिहिणारे राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिसे यांना ६ फेब्रुवारी २०२३ रोजी गाडीखाली चिरडण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. मुंबई-पुण्याच्या वातानुकूलित कचेरीत पान ठरवणारा वेगळा आणि मोटारसायकलवर पावसात भिजणारा वेगळा.

दुसरे दुखणे जिल्हा पुरवण्यांचे. पूर्वी एकच पत्र राज्यभर जाई. आता भंडाऱ्याची बातमी भंडाऱ्याच्या पानावर, नांदेडची नांदेडच्या, आमची आमच्या. वाढदिवसाचे फोटो भरपूर, पण शेजारच्या जिल्ह्यात काय झाले ते कळत नाही. संपादकांना विचारावे तर ते सांगतात, आम्ही छापली होती. खरेच छापलेली असते. फक्त ज्यांनी ती वाचून उठायचे त्यांच्या हातात ती कधी पडत नाही. खैरलांजीच्या महिन्यात या पानवाटणीचाही हात आहे.

आपल्या बाजूचे

हातातल्या मोबाईलने हे सगळे सोडवले असे तरुण मुले म्हणतात. थोडेफार सोडवलेही आहे, आज खैरलांजी महिनाभर झाकून ठेवता येणार नाही. पण महाडला १९२७ साली, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या आपल्या लोकांची डोकी फुटली. नव्वद वर्षांनी, १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून पसरलेली होती. भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच गरिबांना लोकांनी ठेचून मारले. तेव्हा आलेला निरोप शहानिशा न करता पुढे ढकलणारा आपला मुलगा असला तरी त्याचे कान धरायला हवेत. आपण दुसऱ्यांकडून जे मागतो ते आधी घरात.

आम्ही काही मंडळींनी देवरूखात एक साधी वही घातली आहे. शनिवारी संध्याकाळी वाचनालयातली आठवड्याची दैनिके घेऊन बसतो. पाच रकाने आखले आहेत. घटना कधी घडली, बातमी कधी आली, कोणत्या पानावर, मथळ्यात कर्ता कोण, आणि आपल्या बाजूच्या माणसाचे म्हणणे घेतले की नाही. दहावीच्या मुलीही येतात आणि त्यांचे डोळे आमच्यापेक्षा तिखट आहेत. एकीने दाखवून दिले की, गुन्हा आपल्या माणसाने केला की वस्तीचे नाव मथळ्यात असते आणि दहावीला नव्वद टक्के मिळवले की ‘तालुक्याचा सुपुत्र’ होतो! तिला आम्ही वार्ताहर हो असे सांगितले. तिच्या आईला बी.एड. हवे आहे. वाद चालू आहे.

ज्यांना तक्रार करायची आहे त्यांच्यासाठी. प्रेस कौन्सिल ऑफ इंडिया ही १९७८ च्या कायद्याने चालणारी संस्था आहे. तिला दंड करता येत नाही, ताशेरे ओढता येतात, समज देता येते. एखाद्याची जात गरज नसताना आणि कमीपणा येईल अशा रीतीने छापू नये असे तिच्या आचारसंहितेत आहे. आधी संपादकाला पत्र लिहून खुलासा मागावा, उत्तर न आल्यास वा समाधान न झाल्यास कौन्सिलकडे जावे. दैनिक आणि साप्ताहिकाच्या बाबतीत बातमी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत तक्रार जावी लागते, म्हणून संपादकाच्या उत्तराची वाट पाहत बसू नये. संपादकाला पाठवलेल्या पत्राची प्रत, पोचपावती आणि मूळ कात्रण सोबत जोडावे. कात्रणावर दैनिकाचे नाव, तारीख आणि पान क्रमांक शाईने लिहावा, आणि आवृत्ती लिहायला विसरू नये. रत्नागिरीच्या अंकात तिसऱ्या पानावर असलेली बातमी मुंबईच्या अंकात मुळीच नसते.